घाटाची चढण आणि झडपेची वेळ

मोटार घ्यावयास निघालेल्या कुटुंबात हल्ली एक प्रश्न हमखास निघतो : “गाडी किती हॉर्सपॉवरची?” प्रश्न चुकीचा नव्हे, पण अपुरा आहे. ज्यांचे येणेजाणे घाटांतून आहे त्यांच्यापुरता तर तो फारच अपुरा आहे. आमच्या जोयडा तालुक्यातून पश्चिमेकडे उतरणाऱ्या वाटा पाहा. रामनगरहून अनमोडमार्गे गोव्यातील मोल्याकडे जाणारी एक. जोयड्याहून कुंभारवाडा, अणशी असे करीत कद्र्याकडे आणि पुढे कारवारला जाणारी दुसरी. आणि तिसरी लोखंडाची, कॅसलरॉकहून दूधसागराच्या अंगाने कुळ्याला उतरणारी. यांपैकी रस्त्याच्या वाटांवर सारख्याच अश्वशक्तीच्या दोन गाड्या भरल्या कुटुंबासह चढविल्या, तर एक तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता वळण घेते आणि दुसरीला धापा टाकीत दुसऱ्या गिअरवर यावे लागते, हा अनुभव पुष्कळांना असेल. कागदावरचे घोडे सारखेच. मग हा फरक कोठून येतो?

इंजिनात बळ किती आहे याइतकेच ते कोणत्या वेगाला हाती येते हेही महत्त्वाचे असते, हे या प्रश्नाचे उत्तर होय. आणि ते पुष्कळसे ठरते इंजिनाच्या झडपा केव्हा उघडतात व केव्हा मिटतात यावर. मेस्त्री लोक ज्याला ‘टायमिंग’ म्हणतात ते हेच. ही वेळ पूर्वी कारखान्यात एकदा ठरली की कायमची ठरे. आता ती गाडी चालू असता क्षणोक्षणी बदलता येते. या तंत्राला ‘व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग’ म्हणतात आणि ते जगात गाजले स्पोर्ट्स कारच्या निमित्ताने. परंतु त्यामागील तत्त्व आमच्या कॅसलरॉकच्या घाटात कित्येक पिढ्या रोज राबत होते. म्हणून आरंभ तेथूनच करणे योग्य.

कॅसलरॉकचा ड्रायव्हर काय करी?

तालुक्याच्या पश्चिम कडेला वसलेले कॅसलरॉक हे एके काळी दोन सत्तांच्या सीमेवरचे स्टेशन होते. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदरापासून सीमेपर्यंत ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज’ रेल्वे बांधली गेली, आणि इकडून ‘सदर्न मराठा’ रेल्वेने तिला हात दिला. मुरगावचा माल देशावर चढवावयाचा आणि देशावरचा माल बंदरात उतरवावयाचा, हा या मार्गाचा हेतू. मधला घाट मात्र कठीण. कुळे ते कॅसलरॉक हे अंतर सुमारे २६ किलोमीटर, आणि चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर. ऐकावयास हे किरकोळ वाटते. रेल्वेच्या हिशेबाने तो फार मोठा चढ आहे. सपाट रुळांवर संथ वेगाने एक टन वजन ओढण्यास चारपाच किलोंहून अधिक बळ लागत नाही. या घाटात त्याच एका टनामागे केवळ चढापोटी आणखी सुमारे २७ किलोंचे बळ द्यावे लागते. म्हणूनच या घाटात गाडीला मागूनही इंजिन लावून रेटण्याची वहिवाट पडली.

मीटरगेजच्या काळात येथे वाफेची इंजिने धावत. स्वातंत्र्यानंतर देशातील मीटरगेज मार्गांवर प्रवासी गाड्यांसाठी ‘वायपी’ आणि मालगाड्यांसाठी ‘वायजी’ हे वर्ग प्रमाण मानले गेले. जमशेदपूरच्या टेल्को कारखान्यात ती इंजिने बनत. त्यांच्या चाकांशेजारी हलणाऱ्या दांड्यांची जी गुंतागुंत दिसे, तिच्यातच आजच्या आपल्या विषयाचे मूळ आहे. वॉल्शार्ट्स नावाच्या बेल्जियन तंत्रज्ञाने १८४४ साली योजलेली ही रचना सिलिंडरात वाफ केव्हा सोडावयाची आणि केव्हा तोडावयाची हे ठरवीत असे. आणि ती वेळ बदलण्याचा दांडा ड्रायव्हरच्या हाताशी असे.

गाडी जागेवरून हलवावयाची असली, की ड्रायव्हर तो दांडा पुरता पुढे टाकी. मग दट्ट्या आपल्या वाटेचा सुमारे तीनचतुर्थांश भाग ओलांडीपर्यंत बॉयलरची ताजी वाफ त्याला रेटीत राही. ओढ जबर मिळे, पण वाफेचा खर्चही तसाच. गाडीने वेग घेतला की ड्रायव्हर दांडा हळूहळू मागे घेई. आता वाफ दट्ट्याच्या वाटेच्या पाव हिश्शातच तोडली जाई आणि कोंडलेली वाफ स्वतः फुगून उरलेले काम करी. असे न केले तर काय होई? बॉयलर रिकामा होत जाई. आणि वेगाने धावणाऱ्या दट्ट्यामागची वापरलेली वाफ बाहेर पडण्यास पुरेसा अवसर न मिळाल्याने तीच उलट दट्ट्याला अडवी.

म्हणजे एकाच इंजिनाचे दोन स्वभाव ड्रायव्हर आपल्या हाताने घडवी : चढणीला सावकाश पण निकराची ओढ, सपाटीला हलकी व वेगवान धाव. रुळांचा आवाज, धुराड्याचा ठोका आणि बॉयलरच्या काट्यावरचा दाब यांवरून दांडा किती मागे घ्यावयाचा हे त्याला कळे. फायरमनचे फावडे आणि ड्रायव्हरचा दांडा यांचा मेळ चुकला, तर बोगद्यांच्या धुरात गाडी अडून राहण्याचा प्रसंग. रेल्वेवर नोकरी केलेली घरे आमच्या भागात पुष्कळ आहेत. या कौशल्याचे मोल त्यांना निराळे सांगावयास नको. १९९० च्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि मीटरगेजचा तो काळ संपला.

मोटारीच्या इंजिनाचा श्वास

पेट्रोलच्या इंजिनाची गोष्ट थोडी वेगळी. वाफेच्या इंजिनात बॉयलर वाफ आत ढकलतो. पेट्रोलचे इंजिन हवा स्वतः आत ओढून घेते. त्याचे काम चार धावांत चालते. पहिल्या धावेत दट्ट्या खाली येतो आणि उघड्या झडपेतून हवा व इंधन आत घेतो. दुसऱ्या धावेत वर जाऊन ते दाबतो. मग ठिणगी पडते व तिसऱ्या धावेत पेटलेला वायू दट्ट्याला खाली लोटतो. चौथीत जळका वायू दुसऱ्या झडपेतून बाहेर टाकला जातो. चारांतील एकच धाव कमाईची, बाकीच्या तीन तिच्या तयारीच्या. तेव्हा पहिल्या धावेत जितकी हवा पोटात कोंडली जाईल, तितकीच पुढची कमाई. इंजिनाचे बळ म्हणजे त्याचा श्वास, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

झडपा उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. हा एक लांब दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरताना उंचवटा झडपेला दाबतो, ती उघडते. उंचवटा सरकला की स्प्रिंग तिला मिटवते. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. दोघांना साखळीने किंवा पट्ट्याने बांधलेले असते. त्यामुळे झडपांची वेळ दट्ट्याच्या जागेशी जखडलेली राहते.

आता वेगाचा हिशेब पाहा. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असता दट्ट्याची एक धाव २० मिलिसेकंदांत होते, म्हणजे एका सेकंदात पन्नास धावा. तेच ६,००० फेऱ्यांवर गेले की एका धावेला अवघे ५ मिलिसेकंद मिळतात. हवा हलकी असली तरी तिला वजन आहे. ती नळीतून धावू लागण्यास वेळ घेते आणि एकदा धावू लागली की थांबण्यासही वेळ घेते. सारी अडचण उद्भवते ती या एका गोष्टीतून.

उळवीच्या जत्रेला निघालेल्या बसचे उदाहरण घेऊ. स्टँडवर गर्दी लोटली आहे आणि मागचे पुढच्यांना रेटीत आहेत. अशा वेळी कंडक्टरने दार थोडे उशिरा लावले, तर रेट्यात आणखी चारजण आत येतात. परंतु गर्दी तुरळक असेल, कोणी रेटणारा नसेल, आणि दार तसेच उघडे ठेवले, तर आत चढलेल्यांपैकीही दोघे खाली उतरून उभे राहतात. इंजिनाच्या झडपेचे नेमके असेच आहे. जोराच्या वेगात आत धावणाऱ्या हवेला गतीचा रेटा असतो. दट्ट्या तळाला पोचून वर परतू लागला तरी हवा आत येतच राहते. म्हणून वेगवान इंजिनात आत घेणारी झडप दट्ट्याने तळ सोडल्यानंतरही बऱ्याच उशिरा, क्रँकशाफ्ट ६० अंश किंवा त्याहून अधिक फिरल्यावर मिटवितात. परंतु मंद वेगात रेटा नसतो. तेव्हा हाच उशीर अंगाशी येतो : वर येणारा दट्ट्या नुकतीच आत घेतलेली हवा उघड्या झडपेतून पुन्हा बाहेर ढकलतो.

दुसरी अडचण चौथ्या धावेच्या अखेरीस. जळका वायू बाहेर जात असताना नव्या हवेची झडप थोडी आधीच उघडली, तर दोन्ही झडपा काही काळ एकदम उघड्या राहतात. मोठ्या वेगात याचा फायदा होतो. बाहेर पळणारा धूर नव्या हवेला मागे ओढून घेतो. मंद वेगात मात्र धूरच उलटून आत शिरतो, इंजिन थरथरते, उभी गाडी गचके देते.

शेतातील पाणी उपसणाऱ्या डिझेल इंजिनाला ही पंचाईत नाही. बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याच्या नावाने जी इंजिने शिवारांत पोचली, त्यांतील पुष्कळशी मिनिटाला १,५०० फेरे या एकाच चालीने दिवसभर चालतात. ज्याची चाल एकच, त्याला झडपेची वेळही एकच पुरते. मोटारीचे इंजिन मात्र सिग्नलला उभे असता आठशे फेऱ्यांवर असते आणि पुढच्या मिनिटाला सहा हजारांवर. त्याला एकच वेळ नेमून देणे म्हणजे मल्ल आणि हरकारा या दोघांना एकच जोडा घालावयास देणे होय.

स्पोर्ट्स कारचा स्वभाव

सामान्य कुटुंबाची गाडी बनविणाऱ्यांनी यातून मध्यम मार्ग काढला : मंद व मध्यम वेगाला सोयीची वेळ ठेवावयाची आणि वरच्या वेगाचे बळ सोडून द्यावयाचे. स्पोर्ट्स कारवाल्यांनी उलट सौदा केला. त्यांना हवी होती अश्वशक्ती. आणि अश्वशक्ती म्हणजे पिळाचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, गुणिले फेऱ्यांची गती. तोच जोर दुप्पट वेगाला टिकविता आला तर अश्वशक्ती दुप्पट होते. म्हणून त्यांनी झडपा उशिरापर्यंत उघड्या ठेवणारे, दोन्ही झडपा बराच काळ एकदम उघडणारे कॅमशाफ्ट बसविले. अशी गाडी मोकळ्या रस्त्यावर सुसाट जाई. गावातून नेताना मात्र ती रुसे. खाली बळ नाही, वर एकदम उसळी, असा तिचा स्वभाव. जाहिरातीत छापावयाचा आकडा मोठा, पण रोजच्या वापरात हाती येणारी ताकद थोडी.

हा गुंता सोडविण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. विक्रीच्या मोटारीत ते प्रथम उतरविले इटलीच्या अल्फा रोमिओ कंपनीने. १९८० साली तिच्या ‘स्पायडर’ या उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये, अभियंता जानपाओलो गार्चा यांच्या रचनेप्रमाणे, आत घेणाऱ्या झडपांचा कॅमशाफ्ट आपल्या चाकाच्या मानाने थोडा पुढेमागे फिरविण्याची सोय होती. जागा दोनच : एक मंद चालीसाठी, दुसरी जोरासाठी. परंतु त्या दोन जागांनीच मंद वेगाची थरथर आणि वरच्या वेगाची ताकद यांतील भांडण बरेचसे मिटले.

त्यानंतर १९८९ साली जपानच्या होंडाने निराळीच वाट चोखाळली. ‘व्हीटेक’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. प्रत्येक सिलिंडरात आत घेणाऱ्या दोन झडपा, आणि त्यांवर दोनऐवजी तीन उंचवटे. कडेचे दोन बेताचे. मधला उंच व रुंद. मंद वेगात कडेचे उंचवटे झडपा चालवितात आणि मधला नुसताच फिरत राहतो. इंजिनाने ठराविक वेग ओलांडला की तेलाच्या दाबाने एक खुंटी सरकते, तिन्ही दांड्या एकत्र जखडल्या जातात, आणि मग मधल्या मोठ्या उंचवट्याचा अंमल सुरू होतो. झडप अधिक वेळ आणि अधिक उंच उघडते. एका इंजिनात दोन इंजिने ठेवण्याचाच हा प्रकार. ‘इंटेग्रा’ या गाडीतील त्या पहिल्या व्हीटेक इंजिनाने केवळ १.६ लिटरमधून ७,६०० फेऱ्यांना १६० अश्वशक्ती दिली. टर्बोची मदत न घेता दर लिटरला शंभर अश्वशक्ती ही त्या काळी शर्यतीच्या मैदानातील गोष्ट होती.

उसळी आणि सलगता

परंतु आकडे मिळाले म्हणजे सारे मिळाले असे नव्हे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे होंडाचीच १९९९ साली आलेली ‘एस २०००’ ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार. दोन लिटरचे इंजिन, जपानमधील गाडीत ८,३०० फेऱ्यांना २५० अश्वशक्ती, आणि इंजिन ९,००० फेऱ्यांपर्यंत नेण्याची मुभा. मात्र तिचा सर्वांत मोठा टॉर्क, २१८ न्यूटन-मीटर, मिळे तो ७,५०० फेऱ्यांना. आणि झडपांचा मोठा उंचवटा कामाला लागे तो ६,००० च्या आसपास. तोवर गाडी बेताचीच, त्यापुढे मात्र अंगात वारे संचारल्यासारखी.

समजा, अशी गाडी कोणी अनमोडच्या घाटात आणली. दुसऱ्या गिअरमध्ये ६,००० फेरे गाठावयाचे तर वेग तासाला सुमारे ७० किलोमीटर हवा. घाटातील वळणांवर, समोरून ट्रक येत असता, तो वेग कोणी शहाणा माणूस ठेवणार नाही. म्हणजे अडीचशे घोडे तबेल्यातच झोपून राहणार आणि गाडी एखाद्या साध्या मोटारीसारखी चढणार. त्याहून वाईट म्हणजे, नेमक्या वळणात ती सहा हजारांची रेषा ओलांडली गेली तर मागच्या चाकांवर बळाची उसळी अचानक येणार. कोरड्या रस्त्यावर ती गंमत असेल. आषाढ-श्रावणात शेवाळलेल्या, पानांनी झाकलेल्या डांबरावर ती गंमत राहत नाही. शक्ती किती आहे यापेक्षा ती कशी येते, अंदाज देऊन की न देता, याला घाटात अधिक किंमत आहे ती यासाठी.

होंडालाही हे कळले होते असे दिसते. अमेरिकेच्या बाजारासाठी २००४ सालापासून याच गाडीत इंजिन थोडे मोठे, २.२ लिटरचे बसविले गेले. तेथील गाडीची कमाल अश्वशक्ती २४० होती ती तशीच राहिली. पण ती आता ७,८०० फेऱ्यांना मिळू लागली, आणि कमाल टॉर्क ७,५०० ऐवजी ६,५०० फेऱ्यांना. बळाचा आकडा वाढविला नाही. ते लवकर हाती येईल असे केले.

दुसऱ्या कंपन्यांनी उसळीऐवजी सलगतेचा मार्ग धरला. पोर्शने १९९१ साली ‘९६८’ मध्ये, बीएमडब्ल्यूने १९९२ साली ‘व्हॅनोस’ या नावाने कॅमशाफ्ट पुढेमागे सरकविण्याची सोय केली. पाठोपाठ टोयोटाची ‘व्हीव्हीटी-आय’ ही पद्धती आली. तिच्यात जागा दोनच नव्हेत. कॅमशाफ्ट आपल्या मर्यादेत वाटेल त्या अंशावर आणून ठेवता येतो. कॅमशाफ्टच्या टोकाच्या चाकात पाकळ्यांसारखे कप्पे असतात. पाकळीच्या एका बाजूस तेलाचा दाब दिला की शाफ्ट थोडा पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूस दिला की मागे. किती तेल कोणत्या बाजूस सोडावयाचे हे विजेची एक लहान झडप ठरविते, आणि तिला हुकूम देतो गाडीचा संगणक. इंजिनाचे फेरे, पायाखालचा ॲक्सिलरेटर, हवेचे मान, इंजिनाची उष्णता ही सारी माहिती घेऊन तो सेकंदात कितीतरी वेळा निर्णय करतो. कॅसलरॉकच्या ड्रायव्हरचा दांडा, कान आणि अनुभव असे तिन्ही आता या एका डबीत आले आहेत.

पुढे दोन्ही वाटा एकत्र झाल्या. होंडाने २००० साली व्हीटेकला सरकत्या कॅमशाफ्टची जोड दिली. बीएमडब्ल्यूने २००१ साली झडप किती उंच उघडावयाची तेही सलग बदलण्याची योजना आणली. आज टर्बो असो वा नसो, चांगल्या स्पोर्ट्स कारचे इंजिन खालपासून वरपर्यंत एकाच लयीत ओढते. मधला तो खड्डा आणि ती उसळी बरीचशी बुजून गेली आहे.

आपल्या गाडीत काय फरक पडतो?

स्पोर्ट्स कारची ही कथा घरच्या गाडीशी कशी येऊन मिळते, हे एका परिचित गाडीवरून स्पष्ट होईल. मारुती स्विफ्टच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची शक्ती आरंभी ६,००० फेऱ्यांना ८५ अश्वशक्ती होती. टॉर्क ११३ न्यूटन-मीटर, तो ४,५०० फेऱ्यांना. २०११ साली नवी स्विफ्ट आली तीत त्याच आकाराच्या इंजिनाला झडपांची बदलती वेळ मिळाली. नवे आकडे ८७ आणि ११४. पाहणारा म्हणेल, एवढा खटाटोप करून वाढले काय? दोन घोडे आणि एक न्यूटन-मीटर! परंतु टॉर्कचा तो कळस आता ४,५०० ऐवजी ४,००० फेऱ्यांना येऊ लागला. पाचशे फेरे आधी. आणि ६,००० फेऱ्यांवर ८७ अश्वशक्ती म्हणजे तेथेही सुमारे १०२ न्यूटन-मीटर शिल्लक आहेत, असा हिशेब निघतो. खाली लवकर मिळाले आणि वर फारसे गमावले नाही, हाच या तंत्राचा खरा लाभ. अश्वशक्तीच्या आकड्यात तो दिसत नाही. अणशीच्या वळणावर पाच माणसे आणि सामान घेऊन गाडी चढविताना दिसतो.

तरुण मंडळींच्या मोटारसायकलीतही आता ही युक्ती आली आहे. यामाहाच्या ‘आर १५’ या १५५ सीसीच्या गाडीत २०१८ सालापासून आत घेणाऱ्या झडपांसाठी लहान व मोठा असे दोन उंचवटे आहेत आणि ७,४०० फेऱ्यांना इंजिन लहानावरून मोठ्यावर जाते. घाटात मुलगा गाडी सारखी त्या वेगाला नेऊ पाहत असेल, तर त्याला सांगावे की लहान उंचवटा दिला आहे तोच घाटासाठी.

हेच तंत्र इंधन वाचविण्यासाठी उलटेही वापरता येते. झडप मुद्दाम फार उशिरा मिटवून थोडी हवा परत जाऊ दिली, तर बळ घटते पण पेट्रोलची बचत होते. हायब्रिड गाड्यांतील पेट्रोल इंजिने बहुधा अशीच चालतात, आणि उणे पडलेला जोर विजेची मोटार भरून काढते. निव्वळ विजेच्या गाडीत तर झडपाच नाहीत. तिची मोटार वाफेच्या इंजिनाप्रमाणे जागेवरूनच पुरा जोर देते. त्या गाड्या वाढत जातील तसतसा हा सारा विषय कदाचित मागे पडेल. पण आज रस्त्यावर असलेल्या पेट्रोलच्या गाड्या अजून कित्येक वर्षे आमच्या घाटांतून जावयाच्या आहेत.

थोडे व्यवहाराचे

त्यांच्या मालकांसाठी दोन-तीन गोष्टी. पहिली तेलाची. ही रचना इंजिन ऑइलच्या दाबावर चालते आणि तेलाच्या वाटा अतिशय बारीक असतात. तेल जुने होऊन त्याचा चिखल झाला, किंवा पुस्तकात सांगितले त्याहून जाड तेल घातले, की पाकळ्या वेळेवर हलत नाहीत. मग उभी गाडी थरथरते, चढणीला ओढत नाही, पेट्रोल अधिक पिते. आणि मालक बिचारा प्लग बदलीत बसतो. पूर्वीच्या गाड्या असली हयगय सोसून घेत. नव्या सोसत नाहीत. जोयड्यासारख्या ठिकाणाहून मोठे वर्कशॉप गाठावयाचे म्हणजे दांडेली, कारवार किंवा बेळगाव. तेव्हा तेल वेळेवर बदलणे हाच स्वस्त उपाय.

दुसरी गोष्ट उतरणीची. झडपांची वेळ बदलते म्हणून गाडी उतारावर आपोआप आवरली जाईल असे मानू नये. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून थेंबभर पेट्रोल वाचविणे म्हणजे ब्रेक तापवून जीव धोक्यात घालणे.

तिसरी गोष्ट वेगाची. दांडेलीचे अभयारण्य आणि अणशीचे राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला. २०१५ पासून तो काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखला जातो. त्या रानातून जाणाऱ्या रस्त्यावर सात हजार फेऱ्यांची आरोळी ठोकीत जाण्याची गरज नाही. इंजिन चांगले असेल तर दोन-तीन हजारांवरही घाट सुखाने चढते. वळणापलीकडे उभ्या असलेल्या गव्यालाही ते बरे आणि गाडीतील मुलाबाळांनाही.

गाडी घ्यावयास जाल तेव्हा हॉर्सपॉवर जरूर विचारा. पण त्यापाठोपाठ, तो जोर किती फेऱ्यांना मिळतो, हेही विचारा. टॉर्कचा कळस कोठे आहे आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे तो कितपत टिकतो, हे पाहा. आणि शक्य असेल तर गाडी शहराच्या सपाट रस्त्यावर एकट्याने फिरवून पाहण्याऐवजी घरची चार माणसे बसवून एखाद्या चढणीला घाला. तिसऱ्या गिअरमध्ये, दोन हजारांच्या आसपास, पाय अलगद दाबल्यावर ती ओढ घेते की कण्हते, एवढे ध्यानात घेतले तर छापील आकड्यांतून जे कळले नसते ते कळेल.